दीड मिनिटाची पाळी

लीना कंगासला ती बातमी टायरच्या दुकानात कळली. एप्रिल निम्मा सरला होता, सरोवरावरचा बर्फ फुटून काठाशी ढिगानं साचला होता, आणि डुलुथमधली सगळी शहाणी माणसं करतात तसं हिवाळ्याचे टायर उतरवून साधे चढवायला ती गाडी घेऊन आली होती. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ती कॉफी पीत होती. काचेपलीकडे तिची गाडी हवेत उचललेली होती, चारी चाकं काढलेली. तेवढ्यात फोन वाजला. मार्नी होती. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात बारा वर्षं तिची मदतनीस कोच म्हणून काम करणारी, सामन्यात हातात घड्याळ धरून तिच्या डाव्या बाजूला उभी राहणारी मार्नी.

“लीना, बसली आहेस का?”

“टायरच्या दुकानात दुसरं काय करणार? बसूनच आहे.”

“मग ऐक. पोर्टलमध्ये टेसाचं नाव आलंय. आज सकाळी.”

“कुठली टेसा?” लीनानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं की आपण मूर्खासारखं विचारतोय. संघात टेसा एकच होती. पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. एकदा नाव त्यात पडलं की देशातल्या कुठल्याही कोचनं फोन करावा आणि पोरगी उचलून न्यावी. दर वसंतात लीनाच्या एकदोन मुली त्या यादीत जायच्या. त्यांचं तिला फारसं वाटायचं नाही. येतात, जातात. पण त्या मुली आधी तिच्याकडे यायच्या, दारात घुटमळायच्या, रडायच्या. टेसा झुपानचिच आली नव्हती. “मला काही बोलली नाही ती,” लीना म्हणाली. मार्नी म्हणाली, “तिच्या आईला जाऊन पुरते वीस दिवस नाही झाले गं. कशी बोलेल?” दुकानदारानं काचेवर टिचकी मारून गाडी तयार असल्याची खूण केली. लीनानं मान हलवली, पण ती उठली नाही. कॉफी संपल्यावरही रिकामा कप हातात धरून ती तशीच बसून राहिली, आणि समोरच्या भिंतीवरची टायरची चित्रं एकेक करून बघत राहिली.

डार्लीन झुपानचिचच्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदा गेली त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती. ओरविल हे गाव डुलुथच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातलं. तिथली माती लाल, रस्त्याकडेचा बर्फसुद्धा लालसर. टेसाच्या नावानं त्या घरात अकरा कॉलेजांची पत्रं आली होती. मग जानेवारीत शाळेच्या एका सामन्यात उडी मारून उतरताना तिचा गुडघा फिरला, आतला अस्थिबंध तुटला, आणि पंधरा दिवसांत अकराच्या अकरा कोच जणू गावाचा रस्ताच विसरले. लीना फेब्रुवारीत गेली. डार्लीननं अक्रोडाचं सारण भरलेली पोतित्सा, तिच्याकडचा सणाचा गोड पाव, कापून समोर ठेवली. बाई शाळेची बस चालवायची. आवाज खणखणीत, मधेच खोकला. टेसा गुडघ्याला पट्टा बांधून कोपऱ्यात बसली होती आणि पाहुणीकडे बघतसुद्धा नव्हती.

“सगळ्यांनी पाठ फिरवली, तुम्हीच कशा आलात?” डार्लीननं विचारलं होतं. “तुम्हाला तुटकी पोर स्वस्तात हवीय की काय?”

लीनाला हसू आलं होतं. मग तिनं आपली पद्धत समजावली, ज्या पद्धतीला बाकीचे कोच सर्कस म्हणायचे ती. पंधरा मुली, पाचपाचच्या तीन पाळ्या. दर दीड मिनिटानं पाचही मुली बाहेर, नव्या पाच आत. जी पाळी आत असेल तिनं जीव खाऊन पळायचं, समोरच्याला पूर्ण मैदानभर छळायचं, संधी मिळताच लांबून चेंडू मारायचा, आणि दम लागायच्या आत बाहेर यायचं. कुणी राणी नाही, कुणी दासी नाही. प्रत्येक मुलगी प्रत्येक सामन्यात खेळते. डार्लीननं टेबलावर थाप मारली. “अगं बाई, म्हणजे खाणीतल्या शिफ्टाच की या! माझा बाप चाळीस वर्षं हेच करत होता.” मग तिनं खोकला आवरला आणि हळू आवाजात विचारलं, “खेळेल ना पण ती? तुम्ही नुसती बाकावर बसवणार नाही ना? मला स्पष्ट सांगा. या पोरीला बाकावर बसलेली बघायची ताकद माझ्यात नाही.” लीना म्हणाली होती, “तुम्ही जेव्हा जेव्हा बघायला याल तेव्हा ती खेळताना दिसेल. शब्द देते.” तेव्हा कोपऱ्यातल्या मुलीनं पहिल्यांदा मान वर केली होती.

तो शब्द तिनं सहज दिला होता, कारण ती पद्धतच एका बापासाठी जन्मली होती. हे लीनानं मार्नीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी ती विस्कॉन्सिनमधल्या एका कॉलेजात नवखी कोच होती. संघात हिरकणीसारखी चमकणारी एक खेळाडू होती, तिला ती सामन्याची चाळीसच्या चाळीस मिनिटं खेळवायची. आणि रोवीना नावाची एक मुलगी चार वर्षं बाकावर बसून होती, टॉवेल घडी घालत, पाण्याच्या बाटल्या पुढे करत, कधीही तक्रार न करता. तिच्या शेवटच्या सामन्याला तिचा बाप आला होता. दूधवाला शेतकरी. गाई शेजाऱ्याच्या हवाली करून, चार तास गाडी हाकून. संघ वीस गुणांनी पुढे होता. शेवटची पाच मिनिटं उरली, मग तीन, मग एक. हिरकणीला कसलासा विक्रम करायचा होता आणि लीनाला तो हवा होता, त्यामुळे तिनं रोवीनाला आत सोडलंच नाही. सामना संपल्यावर तो माणूस टोपी हातात घेऊन खाली आला, लीनाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “आमच्या पोरीला चार वर्षं सांभाळलंत. आभार.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ती कधीच विसरून गेली असती. त्या उन्हाळ्यात तिनं कागद घेऊन पाळ्या मांडायला सुरुवात केली. आणि त्या दिवसापासून तिनं सामन्यात प्रेक्षकांकडे बघणंही सोडलं. तिथं कुणाचे आईबाप बसलेत, कुणाच्या चेहऱ्यावर काय आहे, हे बघायला लागलं की माणूस डळमळतो. डोळे मैदानावर आणि घड्याळावर. बाकी सगळं नियम बघून घेईल.

नियमानं टेसाला खरोखरच वाचवलं. दीड मिनिटाच्या पळण्यानं गुडघ्यावर ताण आला नाही. पहिलं वर्ष सावरण्यात गेलं, दुसऱ्या वर्षी ती अशी काही नेम साधू लागली की चेंडू तिच्या हातून सुटला की आपल्या मुली वळून परत पळायला लागत, आत जाणार हे गृहीत धरून. सुट्टीत घरी जाणं जमलं नाही त्या वर्षी ती लीनाकडे जेवायला राहिली होती. सणासाठी भाजायला ठेवलेली टर्की जळकी झाली होती, दोघींनी शेवटी अंडी तळून खाल्ली होती. “कोच, तुम्हाला स्वयंपाकात पण दीड मिनिटाचा नियम आहे वाटतं,” टेसा म्हणाली होती. लीनाला मूल नव्हतं. त्या दिवशी भांडी विसळताना तिच्या मनात जे येऊन गेलं ते तिनं तिथंच, त्या पाण्यात सोडून दिलं होतं. गेल्या शरदात डार्लीनची फुप्फुसं आटत चालल्याचं कळलं. टेसा दर रविवारी ओरविलला जायची आणि सोमवारी पहाटे निघून सरावाला वेळेवर हजर व्हायची. लीना स्वतः ऑक्टोबरात एकदा जाऊन आली. नंतर सामने सुरू झाले, आणि मग जाणं राहून गेलं. राहून गेलं, हाच शब्द तिनं स्वतःशी वापरला होता. तोही तिला आता टोचत होता.

गाडी घेऊन ती घरी न जाता कॉलेजच्या चढाकडे वळली आणि आपल्या ऑफिसात येऊन बसली. मार्चमधली ती अंतिम मॅच आपण इतके दिवस आठवायची टाळत होतो हे तिथं बसल्यावर तिच्या लक्षात आलं. सामन्याआधी टेसा याच दारात उभी राहून म्हणाली होती, “कोच, आई येतेय. डॉक्टर नाही म्हणाले, पण तिनं कुणाचं ऐकलंय कधी? पॉलीन मावशी घेऊन येतेय तिला.” लीना म्हणाली होती, “अरे वा, छान,” आणि पुन्हा पाळ्यांच्या तक्त्यात डोकं घातलं होतं. चौथ्या भागात दोन्ही संघ एकशे चारवर बरोबरीत. एक मिनिट आठ सेकंद बाकी. टेसानं त्या पाळीत लागोपाठ तीनदा लांबून चेंडू घातला होता, सभागृह डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. शिट्टी वाजली, चेंडू थांबला. मार्नीनं घड्याळ दाखवलं. दीड मिनिट पुरं झालं होतं. मार्नी तेव्हा हळूच म्हणाली होती, “लीना, या वेळी राहू दे का हिला?” आणि लीना ओरडली होती, “तिसरी पाळी!” टेसा मैदानाच्या मधोमध उभी राहिली. “कोच, नको ना. आत्ता नको.” “बस म्हणते ना!” ती येऊन बसली, डोक्यावरून टॉवेल घेतला. तिच्या जागी गेलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीनं शेवटी मारलेला चेंडू कडीवर फिरून बाहेर पडला. एका गुणानं गेलं सगळं. लीनाला हरण्याचं दुःख झालं, पण नियम मोडला नाही याचा आतून एक ताठ, कोरडा अभिमानही वाटला होता. त्या अभिमानाची आता तिला शिसारी आली. तीन आठवड्यांनी डार्लीन गेली. दफनाच्या दिवशी टेसानं सगळ्यांशी हात मिळवले, लीनाशीही. थंडगार, सैल हात.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेसा स्वतःच आली. हातातली कागदी पिशवी तिनं टेबलावर ठेवली. त्यात धुऊन घडी घातलेले संघाचे कपडे आणि लॉकरची किल्ली.

“हे द्यायचं होतं. मार्नीकडे दिलं असतं, पण ते बरं दिसलं नसतं.”

“बस तरी, पोरी.”

“उभीच बरी आहे.”

“कुठं चाललीस?”

टेसानं दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठाचं नाव सांगितलं. तिथं सामने टीव्हीवर दाखवतात, खेळणाऱ्या मुलींना पैसेही बक्कळ मिळतात. “पैशासाठी नाही जात मी,” ती लगेच म्हणाली, जणू लीनानं तसं म्हटलंच होतं. “कोच, मी तीन वर्षांत कधी दमले नाही. तुम्ही दमूच दिलं नाहीत. दम लागायच्या आत बाहेर. मला बघायचंय की दमल्यावर माझ्यात काय उरतं. काहीच उरत नसेल, तर तेही बघायचंय.”

“गुडघा तुझा—”

“गुडघा बरा आहे माझा. दोन वर्षं झाली त्याला. तुम्हीच मानत नाही.”

लीनानं पिशवी टेबलावरून उचलून खाली ठेवली, पुन्हा वर ठेवली. “त्या दिवशी मी तुला बाहेर काढलं म्हणून जातेस. सरळ सांग की.”

टेसा हसली. तिचं ते हसणं बघवत नव्हतं. “त्याचा राग कधीच गेला असता हो. पण आईनं जाऊ दिला नाही. ती घरी जायला गाडीत बसल्यापासून तुमची बाजू घेत होती. कोचचं बरोबर आहे, एकीसाठी नियम मोडला तर बाकीच्या चौदा जणींनी काय करायचं? मी म्हणायची, अगं तू माझी आई आहेस की त्या चौदा जणींची? तीन आठवडे, कोच. तिला दोन शब्द बोललं की धाप लागायची. आणि ते दोन शब्द ती तुमच्यासाठी खर्च करायची, आणि मी भांडायची. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा भांडले. दुसरं काहीतरी बोलता आलं असतं आम्हाला. कितीतरी बोलायचं होतं.”

खाली कुठंतरी बंदरात जहाजाचा भोंगा वाजला, हंगामातलं पहिलं असावं. लीनाला काहीतरी म्हणायचं होतं. तिच्या तोंडाशी रोवीनाचा बाप आला, त्याची टोपी आली, पण ती सगळी आपली वकिली झाली असती, म्हणून तिनं ओठ मिटले.

“एकच विचारायचंय,” टेसा म्हणाली. आता तिचा आवाज एकदम लहान झाला होता, कोपऱ्यात पट्टा बांधून बसलेल्या मुलीचा. “मी बाहेर आले तेव्हा डोक्यावर टॉवेल घेतला होता. आईकडे बघायची हिंमत नव्हती. ती बरोबर तुमच्या समोरच्या बाजूला होती. दाराजवळ, खालच्या रांगेत. तुमचं तोंड तिकडेच होतं. तिचा चेहरा कसा होता हो? मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, मला काही वाईट वाटलं नाही. पण ती तसंच म्हणणार. तुम्ही बघितलंत ना? कसा होता?”

खोटं बोलणं किती सोपं होतं. हसरा होता म्हणायचं. तुझ्याकडेच बघत होती म्हणायचं. असं एक वाक्य दिलं असतं तर ही मुलगी ते घेऊन दक्षिणेत गेली असती आणि जन्मभर जपत राहिली असती. लीना तिच्याकडे बघत राहिली. हिच्या घरात बसून मी एकच शब्द दिला होता, आई बघायला येईल तेव्हा ही खेळताना दिसेल, आणि शेवटच्या मिनिटाला तो त्या आईच्या डोळ्यांदेखत मोडला. आता दुसरा खोटा द्यायचा?

“मी बघितलं नाही,” ती म्हणाली. “मी घड्याळाकडे बघत होते.”

टेसानं मान हलवली. दोनदा हलवली, जणू पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं. “बरं,” ती म्हणाली. दारापाशी जाऊन थांबली, दाराची चौकट बोटांनी चाचपली, आणि गेली. जिन्यावरून तिची पावलं एकसारखी, न लंगडता उतरत गेलेली लीनानं ऐकली. गुडघा खरंच बरा होता.

त्या आठवड्याच्या शेवटी दक्षिणेतल्या त्या कोचचा फोन आला. बाई गोड बोलणारी, वाक्यावाक्याला हनी म्हणणारी. पोरीचा स्वभाव कसा, अभ्यास कसा, हे सगळं विचारून झाल्यावर ती मुद्द्यावर आली. “हनी, मला खरं सांगा. त्या गुडघ्यावर ती किती मिनिटं टिकेल?” गुडघा थंडीत सुजतो, लीनानं एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दोन वर्षांपूर्वी ते खरंही होतं. तेवढ्या एका वाक्यानं ती बाई बिचकली असती, दुसरी मुलगी शोधली असती, आणि टेसाला ऑगस्टमध्ये डुलुथला परत येण्यावाचून दुसरी वाट उरली नसती. लीनाला स्वतःच्या मनातलं ते वाक्य अगदी स्पष्ट ऐकू आलं, आणि तिला स्वतःची भीती वाटली. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी कधी बघितलं नाही, ती माझी चूक. पण तिला चाळीस मिनिटं खेळवा. शेवटचं मिनिट तर नक्की खेळवा. बाहेर काढू नका तिला.” पलीकडची बाई हसली. “अशी कोच मी पहिल्यांदाच बघतेय, जी आपली पोर जाताना असं बोलते.” लीनानं फोन ठेवला आणि बराच वेळ हात फोनवरच राहू दिला.

मे महिन्यात मुली घरी गेल्या, इमारत रिकामी झाली. एका दुपारी लीनानं त्या अंतिम सामन्याची चित्रफीत लावली. हरलेला सामना ती नेहमी दुसऱ्याच दिवशी बघायची, चुका कागदावर उतरवायची. हा तिनं उघडला नव्हता. तिनं सगळा सामना सोडून देऊन शेवटचं दीड मिनिट काढलं. कॅमेरा चेंडूमागे धावत होता, प्रेक्षक म्हणजे नुसते रंगांचे ठिपके. शिट्टी वाजली. तिसरी पाळी आत येत असताना कॅमेरा कुणाकडे बघावं ते न कळून जरा भरकटला, दाराच्या बाजूला गेला, दोन सेकंद तिथं थांबला आणि परत फिरला. लीनानं चित्र मागे घेतलं. पुन्हा घेतलं. खालच्या रांगेत निळ्या लोकरी टोपीतली एक बाई उभी होती. चेहरा धूसर, पण ती रुंद हनुवटी ओळखीची होती. उभी राहून ती टाळ्या वाजवत होती. उभी होती डार्लीन! आपली लेक बाहेर येत असताना उभी राहून टाळ्या वाजवत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लीनाला रडू फुटलं. तिनं खुर्ची मागे ढकलली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, मार्नीला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. हे मार्नीचं नव्हतं. तिनं ते दोन सेकंद कापून टेसाला पाठवले आणि खाली लिहिलं, बघ, ती उभी होती. टाळ्या वाजवत होती.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं नाही, त्या आठवड्यातही नाही. लीना फोन उलटा ठेवायची, सुलटा करायची. पुढच्या वर्षाच्या मुली बघायला ती दोन गावं फिरून आली, दोन स्वयंपाकघरांत बसून तिनं पाळ्या समजावल्या, आणि दोन्हीकडे जेव्हा आयांनी विचारलं, खेळेल ना आमची, तेव्हा तिच्या तोंडातून शब्द पटकन निघेना. बाराव्या दिवशी सकाळी ती ऑफिसात असताना फोन थरथरला.

“ती आई नाही, कोच,” टेसानं लिहिलं होतं. “ती पॉलीन मावशी. टोपी आईचीच आहे, तिला गरम होत होतं म्हणून तिनं मावशीच्या डोक्यावर घातली. आई तिच्या शेजारी खुर्चीत होती. तिला उभं राहवत नव्हतं, जानेवारीपासून. पुढच्या लोखंडी कठड्यावर हात दिसतोय तो तिचा. हा तुकडा माझ्याकडे मार्चपासून आहे. त्यात चेहरा येत नाही. म्हणून तर तुम्हाला विचारलं होतं.”

लीनानं ते दोनदा वाचलं. मग दार आतून लावून घेतलं आणि चित्र पुन्हा त्या जागी आणून थांबवलं. निळ्या टोपीच्या बाईजवळ, पुढे उभ्या असलेल्या कुणाच्यातरी पाठीआडून, खरंच एक हात बाहेर आलेला होता. जाकिटाची बाही मनगटावर ढिली पडलेली. तिनं चित्र सोडलं. दोन सेकंदांत टाळ्या वाजवणारे हात वरखाली झाले, आणि तो हात तेवढा जागचा हलला नाही. बोटांनी कठडा घट्ट आवळून धरला होता, माणूस उठायचा जोर करताना आवळतो तसा, आणि ती उठतेय की नाही हे कळायच्या आतच कॅमेरा चेंडूकडे वळला.